बासरी कुठे गेली?

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आमच्या हातून एका विद्यार्थ्यावर अन्याय झाला. तो दुष्टाव्याने नव्हे, कानाच्या अज्ञानाने झाला. आणि या अज्ञानात आम्हांस पुष्कळ सोबती असावेत, म्हणून ही हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दहावीतल्या या मुलाने समूहगीताची साथ कीबोर्डवर बांधली होती. वाद्य एकच, परंतु त्यात बासरी, व्हायोलिनांचा ताफा, खर्जाची गिटार आणि तालवाद्ये. प्रत्येकास स्वतंत्र चॅनेल. महिनाभर घरी हेडफोन लावून त्याने ती सजविली. सभागृहात मात्र नुसता कल्लोळ उठला. ज्या बासरीवरून मुलींनी स्वर उचलावयाचा, तीच ऐकू येईना. आम्ही विंगेतून आवाज वाढविण्याच्या खुणा केल्या. त्याने मुख्य बटण फिरविले. कल्लोळ दुप्पट झाला आणि मुली चुकल्या. आम्ही वाद्य बंद करावयास लावून पेटीवर गाणे उरकले. वर, "तयारी नव्हती तर पुढे कशाला आलास?" असे चार माणसांदेखत बोललो.

तिसऱ्या दिवशी तो कीबोर्ड घेऊन आमच्या कार्यालयात आला. "सर, पाच मिनिटे ऐकाल का?" आम्हांस वाटले, क्षमा मागावयास आला असेल. त्याने वाद्य टेबलावर मांडले.

मुख्य बटण सर्वांना सारखेच चढविते. पेटीचा भाता जोराने हलविला तर दाबलेले सगळेच सूर मोठे होतात, त्यांतला एकच नव्हे, तसेच हे. प्रत्येक चॅनेलची पातळी निराळी, 0 पासून 127 पर्यंत. हा 127 आकडा आम्हांस चमत्कारिक वाटला. निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलावीत म्हणून 1983 साली मिडी नावाचा संकेत ठरला. त्यात अशा मूल्यास सात द्विमान अंक मिळतात, म्हणून पायऱ्या 128. अधिक सूक्ष्म पायऱ्यांची आवृत्ती 2020 मध्ये आली खरी, पण आमच्या शाळेच्या वाद्यास जुनाच हिशेब कळतो. त्याने व्हायोलिने 110 वरून 70 वर आणली. बासरी होती तेथेच, 100 वर; तरी ती एकदम पुढे आली! "बासरी चढवायची नसते सर, बाकीचे उतरवायचे. सगळेच चढवले की आवाज फाटतो."

खरा अपराधी पुढेच होता: रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. या वाद्यात घुमारा सर्वांत मिळून एकच. प्रत्येक चॅनेलचा मूळ आवाज सरळ बाहेर जातो, आणि त्याचा किती वाटा घुमाऱ्याकडे धाडावयाचा हे वेगळे ठरवावे लागते. हेडफोनमध्ये खोली नसते. म्हणून घरी त्याने सर्वांचाच वाटा 90 च्या घरात ठेवला, आणि तो गोडही लागला. आमच्या सभागृहास पत्र्याचे छप्पर आणि उघड्या भिंती. त्याचा स्वतःचा घुमारा काय थोडा आहे? तेथे प्रार्थनासुद्धा दोनदा ऐकू येते. त्याने खर्ज आणि ताल यांचा वाटा शून्यावर आणला, बासरीचा 30 वर ठेवला.

"मग हिचाही शून्यच कर ना," आम्ही म्हणालो. त्याने केला, तरी बासरीमागून प्रतिध्वनी येतच राहिला. त्या चॅनेलच्या वाटेतच एक डिले बसविलेला होता! घुमाऱ्याकडे आवाजाचा वाटा जातो. येथे सबंध आवाजच डिलेमधून वाहतो. म्हणून पहिल्याचे बटण दुसऱ्यास लागू पडत नाही. ही चूक आपलीच, असे तो हसत म्हणाला.

हे सारे जमवून त्याने गाणे सुरू केले, आणि पाहतो तो सर्व आकडे पूर्ववत! गाण्याच्या आरंभीच जुन्या पातळ्यांचे संदेश नोंदविलेले होते. सुरू होताच तेच लागू झाले. नवे आकडे तेथेच लिहावे लागले. गाण्यातला चढउतार तो एक्स्प्रेशन नावाच्या दुसऱ्या नियंत्रणाने देतो, म्हणजे बसविलेली पातळी हलत नाही. ज्यास आम्ही तयारी नसलेला म्हटले, त्याची ही तयारी.

निरोप समारंभात तेच गीत पुन्हा ठेवले. आदल्या दिवशी तालमीपूर्वी ज्यांच्यादेखत बोललो होतो त्या शिक्षकांना बोलावून आम्ही आपले शब्द परत घेतले. तो संकोचला, आणि लगेच कामास लागला. "सर, तुम्ही अगदी शेवटच्या बाकावर बसा. बासरी दिसेनाशी झाली की हात वर करा." बासरी कानास दिसते, हे आम्हांस एरवी व्याकरणात बसविता आले नसते. त्या दिवशी आम्ही दोन वेळा हात वर केला. दोन्ही वेळा त्याने व्हायोलिनेच उतरविली.