जपमाळ दिली, वैद्याचे काय?

रत्नागिरीत पाहुणा आला की आपण त्याला थिबा राजाचा राजवाडा दाखवायला नेतो. ब्रह्मदेशाच्या या पदच्युत राजाला इंग्रजांनी १८८६ साली येथे आणून ठेवले. त्याच साली या गावात मनोरुग्णांसाठी इस्पितळही सुरू झाले. ठाणे, येरवडा आणि नागपूर यांच्याप्रमाणे तेही आज शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्याच्यासमोरून जाताना मात्र आपण मान वळवतो. या मान वळवण्याविरुद्ध आम्हाला बोलायचे आहे, आणि तक्रारीची सुरुवात स्वतःपासूनच करायची आहे.

आमच्या परिचयातील एका घरी विशी ओलांडलेली मुलगी आहे. आज जी मैत्रीण तिला प्राणाहून प्रिय, तीच उद्या तिची वैरीण ठरते. आपल्याला सारे सोडून जातील या भयाने ती रात्र रात्र जागते. वेदना असह्य झाली की स्वतःलाच इजा करून घेते. आईवडिलांनी तिला आरोग्यप्रार्थनेला नेले, तपसाधनेला नेले, गुपचूप एका भगताकडेही नेले. ‘लग्न करून द्या, ताळ्यावर येईल,’ असे नातलग म्हणाले. एका डॉक्टरांनी ‘ही नाटके आहेत’ म्हणून बोळवण केली. शेवटी ती माता आमच्या दारी आली. आम्ही तिच्या हाती जपमाळ दिली आणि नोव्हेना करायला सांगितले. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईश्वरविज्ञान शिकलो. पण एका मानसोपचारतज्ज्ञाचे नाव आमच्या वहीत नव्हते.

पुढे योग्य निदान झाले: बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसॉर्डर. भावना, नाती आणि स्वतःविषयीची ओळख या तिन्ही गोष्टी या आजारात अस्थिर होतात. हे पाप नव्हे, भूतबाधा नव्हे, की आईवडिलांच्या लाडांचे फळ नव्हे. गोळ्यांचा उपयोग मर्यादित असतो; मुख्य उपचार म्हणजे प्रशिक्षित तज्ज्ञाबरोबर दीर्घकाळ, नियमित चालणारी मानसोपचाराची बैठक. तो मिळाला तर बहुतेकांची लक्षणे काही वर्षांत ओसरतात.

‘मग श्रद्धेचे काय?’ असे कोणी विचारील. बेनसिराच्या ग्रंथाचा ३८वा अध्याय उघडून पाहावा. आजाऱ्याला प्रार्थना करायला सांगणारा तो ग्रंथकार लगेच वैद्यालाही मान द्यायला सांगतो. अमेरिकेच्या मार्शा लिनेहान यांचे उदाहरण घ्या. सतराव्या वर्षी, १९६१ साली, त्या मनोरुग्णालयात दाखल झाल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहिल्या. १९६७ साली शिकागोतील एका चॅपलमध्ये प्रार्थना करताना परमेश्वर आपल्यावर प्रेम करतो असा अनुभव त्यांना आला. पण त्या तेथेच थांबल्या नाहीत. येशूसंघीयांच्या लोयोला विद्यापीठात त्यांनी १९७१ साली डॉक्टरेट मिळवली आणि पुढे याच आजारासाठी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी ही उपचारपद्धती घडवली. स्वतःची कहाणी त्यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितली. चॅपल आणि चिकित्सा यांत वैर आहे, असे म्हणणाऱ्यांनी या बाईंना काय उत्तर द्यावे?

‘मुलगी सज्ञान आहे, आम्ही काय करणार?’ हा आईवडिलांचा प्रश्न मात्र खरा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने निर्णयक्षम प्रौढाच्या संमतीला महत्त्व दिले आहे, आणि ते योग्यच आहे. फसवून वा बांधून नेल्याने विश्वास तुटतो, आणि या आजारात विश्वास हेच अर्धे औषध. त्याच कायद्यानुसार मुलगी साध्या कागदावर लिहून आपला प्रतिनिधी नेमू शकते. ती शांत असताना तिच्याशी हे बोलून ठेवावे. प्राणावर बेतेल असे वाटले तर मात्र क्षणभरही थांबू नये, तातडीने इस्पितळ गाठावे. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला हा कायदा गुन्हेगार न मानता तीव्र तणावाखालील माणूस मानतो. २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत उपलब्ध आहे.

ख्रिस्तसभेनेही आपली दृष्टी बदलली आहे. १९१७ च्या धर्मसंहितेने समजून-उमजून आत्महत्या करणाऱ्याला धार्मिक दफन नाकारले होते; १९८३ च्या संहितेत ती तरतूद राहिली नाही. ख्रिस्तसभा बदलली, आमची धर्मग्रामे कधी बदलणार?

या आजाराचा अनुभव असलेला तज्ज्ञ कोकणात सहज सापडत नाही. त्यासाठी आईबाप मुंबई-पुण्याच्या खेपा घालतात, आणि शेजाऱ्यांना ‘लग्नाला जातो’ असे सांगतात. सणाच्या रोषणाईला वर्गणी गोळा करणाऱ्या आम्हाला त्या प्रवासाचे भाडे जड का व्हावे? प्रत्येक धर्मग्रामात असा एक निधी असावा, प्रत्येक धर्मगुरूच्या टेबलावर तज्ज्ञांची यादी असावी, आणि प्रत्येक सेमिनरीत हा विषय शिकवला जावा.

त्या मातेची आम्ही क्षमा मागितली आहे. ती म्हणाली, ‘फादर, माळ तुम्ही दिलीत ते बरेच केलेत. पण त्या वेळी सोबत आला असतात, तर इस्पितळाची पायरी आम्ही दोन वर्षे आधी चढलो असतो.’