दोघंही शिकाऊ

आमच्या सातारा भागात घोड्याचं नाव निघालं की लोकांच्या अंगात एकदम इतिहासच संचारतो. छत्रपतींच्या गादीचा जिल्हा, शिलेदार-बारगिरांची घराणी, मग काय विचारता! बैठकीत अश्वारूढ महाराजांची तसबीर असतेच, आणि तिच्याखाली बसून "घोडा आमच्या रक्तात आहे" असं सांगणारे काकाही असतात. यातले निम्मे लोक प्रत्यक्षात घोड्यावर बसलेले असतात ते पाचगणीच्या टेबल लँडवर, लगाम घोडेवाल्याच्या हातात. उरलेले स्वतःच्या लग्नात. :)

टेबल लँडच्या घोड्यांची चेष्टा करायची नाहीये मला. दिवसभर किंचाळणारी पोरं, पोटात टाचा मारणारे बाप, समोर उडणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, हे सगळं सोसून तो घोडा मान खाली घालून चालत राहतो. गोची एवढीच की वीस मिनिटांनी खाली उतरलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला घोडा जमतो. त्या वीस मिनिटांत त्याला जमवून घेतलेलं असतं घोड्यानं.

तर सांगायचा मुद्दा असा. आमच्या मिरजेकडच्या मावसभावानं गेल्या हिवाळ्यात अकलूजच्या घोडेबाजारातून एक मारवाडी शिंगरू आणलं. देखणं आहे, वादच नाही. कान आत वळलेले, पाय लांब, वय पावणेदोन वर्षं. त्याची मुलगी तेरा वर्षांची, म्हणजे मी तिची आत्या. भावाचा बेत असा की, "दोघं बरोबर शिकतील, बरोबर मोठी होतील." घरातल्या बऱ्याच जणांना हा वाद माहीत आहे, कारण तो जत्रेच्या जेवणावर, भर पंगतीत झाला. तिथे मटणाच्या रश्श्यापुढे माझं बोलणं कुणी धड ऐकलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

माझं मत साधं आहे. नवा घोडा आणि नवा स्वार यांना एकत्र शिकवू नये. सिनेमात ते फार गोड दिसतं, पण रानात दोघंही एकमेकांना घाबरायला शिकतात.

आधी शिंगराचं बघू. घोडा दोन वर्षांचा झाला की उंचीला जवळजवळ पुरा दिसतो आणि तिथेच आपण फसतो. हाडांची वाढ खालून वर पुरी होत जाते. खुराजवळची हाडं आधी पक्की होतात, गुडघ्याच्या वरची त्यानंतर, आणि पाठीचे मणके सगळ्यांत शेवटी, पाच-साडेपाच वर्षांच्या आसपास. आणि आपण बसतो कुठे? पाठीवर! पूर्ण वाढलेल्या घोड्यावरसुद्धा त्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भार घालू नये असा अंदाज धरतात, तोही खोगिरासकट. आता आमचे बंधुराज स्वतः किती किलोचे आहेत हे इथे लिहीत नाही.

तुम्ही म्हणाल, रेसचे घोडे दोन वर्षांचे असतानाच पळतात की. पळतात. पण त्यांच्यावर मोजून-मापून निवडलेला हलका जॉकी असतो, दावणीला डॉक्टर असतो, आणि तरीही त्यातले किती लवकर निकामी होतात ते कुणी सांगत नाही. कोवळ्या वयात घोड्यानं मोकळं धावलं की हाडं बळकट होतात हेही खरं आहे. शिंगराला खुंट्याला बांधून ठेवा असं माझं म्हणणं नाहीच. उलट दोन वर्षांपासून भरपूर शिकवावं, फक्त पाठीवर न बसता.

घोडा तयार करणाऱ्या माणसाला मराठीत चाबुकस्वार म्हणतात. शब्दात चाबूक आहे, त्यामुळे लोकांना वाटतं हे काम मारून-मुटकून होतं. मी ज्या निवृत्त दफेदारांकडे बसायला शिकले, त्यांच्या हातात बहुतेक वेळा चाबकाऐवजी खरारा असायचा. त्यांची पद्धत इतकी संथ की बघणाऱ्याला कंटाळा यावा. आधी मोहरकीवर धरून चालायला शिकवायचं, थांब म्हटलं की थांबायला. मग चारी पाय हातात द्यायला, म्हणजे पुढे नालबंदाचे हाल होत नाहीत. मग लांब दोरीवर गोल फिरवायचं, तेही दोन्ही बाजूंनी आणि थोडा वेळच, कारण सारखं गोल फिरणं कोवळ्या सांध्यांना बरं नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. डावीकडून दाखवलेली छत्री उजवीकडून पुन्हा पहिल्यापासून दाखवावी लागते. मग पाठीवर नुसती घोंगडी. मग रिकामं खोगीर. तंग एकदम कधीच आवळायचा नाही. एक भोक, चार पावलं चालवायचं, मग दुसरं भोक. पहिल्यांदा तंग करकचून आवळला गेला की पुढे वर्षानुवर्षं घोडा खोगीर बघूनच पोट फुगवतो. त्यानंतर मागून दोन लांब दोऱ्या धरून चालत चालत हाकायचं, म्हणजे वर माणूस येण्याआधीच त्याला वळणं आणि थांबणं कळलेलं असतं.

आणि पहिल्यांदा जो माणूस बसेल तो हलका, सरावलेला आणि मुख्य म्हणजे गप्प बसणारा हवा. आधी नुसतं पोटावर आडवं पडायचं आणि उतरायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय पलीकडे टाकायचा. दोन मिनिटं, दहा पावलं, उतरायचं, शाबासकी. घोडा चांगलं वागत असतानाच थांबायचं, हे आपल्या लोकांना सगळ्यांत जड जातं. "चाललाय ना, मग अजून एक चक्कर!" आणि त्या एका चकरेत महिन्याची मेहनत पाण्यात.

ग्रीसचा झेनोफन सुमारे २४०० वर्षांपूर्वी घोड्यांवर लिहिताना हेच सांगून गेलाय, की रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊच नये. पण एवढं लांब कशाला जायचं? माण, खटाव, आटपाडीकडचे मेंढपाळ बघा. दिवाळीनंतर कळप घेऊन निघतात, तट्टांवर बिऱ्हाड लादलेलं, वर कोंबड्या. त्या तट्टीच्या मागे शिंगरू मोकळं चालत असतं. ट्रक, एस्टी, नदीचा उतार, कुत्री, ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर आणि त्यांवरची ठणाणा गाणी, सगळं ते आईच्या आडोशानं बघून घेतं. त्याच्या पाठीवर भांडं चढेपर्यंत निम्मं जग ओळखीचं झालेलं असतं. इतकी चांगली शाळा पैसे देऊन मिळत नाही.

किंवा आषाढीच्या वाटेवर फलटण तालुक्यात चांदोबाच्या लिंबाला माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण होतं, ते आठवा. लाखो माणसं, टाळ-मृदंग, टापांखालची माती घ्यायला धडपडणारे हात, आणि त्यातून दोन घोडे दौडत जातात. एकावर स्वार असतो, माउलींच्या अश्वावर कुणीच नसतं. हे घोडे बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांकडून येतात, आळंदीपर्यंत पायी. रिंगणाच्या दिवसापर्यंत किती गावं, किती गर्दी त्यांच्या डोळ्यांखालून गेलेली असते! मी श्रद्धेनंच हात जोडते, पण मनातल्या मनात त्यांना तयार करणाऱ्यालाही जोडते.

आता स्वाराकडे. "घोड्याला भीती कळते" हे वाक्य प्रत्येक नवशिक्याला ऐकवलं जातं, आणि ते ऐकून तो जास्तच घाबरतो. यात तथ्य आहे. २००९ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना तीन वेळा घोडा घेऊन ठरावीक वाटेनं जायला सांगितलं, आणि चौथ्या वेळी सांगितलं की आता वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्याचेही! घोड्याला बिचाऱ्याला छत्रीचं कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून मुलीला "घाबरू नकोस" असं सांगून काही होत नाही. मांड्या आवळल्या जातात, हात वर येतात, श्वास अडकतो आणि हे सगळं घोड्यापर्यंत पोहोचतं. म्हातारा, सरावलेला घोडा त्याकडे काणाडोळा करतो. दोन वर्षांचं शिंगरू मात्र समजतं, वाघ आला. ते बिथरतं, मुलगी किंचाळते, ते उधळतं. त्या दिवशी दोघांच्याही मनात जे बसतं ते काढायला वर्ष जातं. मग बाजारात "थोडा अवखळ आहे" म्हणून असे घोडे विकायला येतात, हातोहात फिरतात आणि शेवटी वरातीत किंवा छकड्याला.

धीर येतो तो बारीकसारीक गोष्टी हाताला जमल्यावर. मी तर पहिल्यांदा थांबवायला आणि उतरायलाच शिकवीन. मग कुणीतरी लांब दोरीवर घोडा धरलाय, रिकिबी काढून टाकल्यात, हात कमरेवर. मांड पक्की होते ती अशी. लगाम खेचून तोल सावरायची सवय एकदा लागली की घोड्याच्या तोंडाची वाट. "पडल्याशिवाय येत नाही" असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पडणं होईलच, ते मुद्दाम आणायची गरज नाही. आणि पडल्यावर "लगेच परत चढ" हेही डोक्याला मार नाही याची खात्री झाल्यावरच, तेही शांत घोड्यावर, चालीनं. हेल्मेट हवंच. फेट्यात फोटो छान येतो, कवटी वाचत नाही.

असो. पंगतीत भाऊ म्हणाला, "ताई, आपल्या आज्जानं काय पुस्तक वाचून घोडा फेरला व्हय?" मी म्हटलं, आज्जाच्या पागेत सात घोडे होते, पोरांना म्हाताऱ्या घोडीवर बसवायचे. यावर वहिनीनं मान डोलावली आणि बहुतेक त्यामुळेच पुढचं घडलं. शेजारच्या गावातली एक चौदा वर्षांची घोडी सकाळी तासभर मिळते, आमची भाची तिच्यावर शिकतेय. परवा फोनवर सांगत होती, दुडकीत आता खोगीर धरावं लागत नाही. शिंगराला ती रोज मोहरकीवर धरून बांधावरून कॅनॉलपर्यंत चालवत नेते. उसाचे ट्रॅक्टर सुरू झाल्यापासून पहिले चार दिवस ते रस्त्याकडेच्या बाभळीपाशी अडून बसायचं, आता पुलापर्यंत जातं. खोगीर अजून माळ्यावरच आहे. भाऊ अधूनमधून खाली काढतो, तेल लावतो आणि परत ठेवतो.