मोहावर जय : देव वाट देतो, पाऊल आपण उचलायचे



कापसाची वेचणी सुरू झाली की आमच्या तामसीकडच्या गावांत पैसा फिरू लागतो. वर्षभर उधारीवर चाललेल्या घरात चार पैसे येतात आणि त्यांच्या पाठोपाठ मोहही येतो. मोह म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पहिली दारूच येते. या भागात ती मोहफुलांचीही निघते, तेव्हा नाव आणि काम एकच! पण मोह तेवढाच नाही. मोबाइलवरचा सट्टा आहे. कापसावर रात्री पाणी मारून वजन वाढवण्याचा मोह आहे, आणि काट्यावर बसणाऱ्याला काटा मारण्याचाही आहे. रविवारी उपासनेला बसणारे आपण यातून सुटलो आहोत असे कोणी समजू नये.

यावर लोक दोन गोष्टी बोलतात. एक म्हणतो, "सरकारने बंदी घालावी, सगळे थांबेल." दुसरा म्हणतो, "आपण प्रार्थना करायची, बाकी देव बघून घेईल." दोन्ही बोलणी अर्धी आहेत असे मला वाटते.

आधी बंदीचे बघू. १९९२ मध्ये नेल्लूर जिल्ह्यातल्या दुबगुंट्याच्या बायाबापड्यांनी सारायीविरुद्ध कंबर कसली. १९९३ मध्ये सारायी बंद झाली आणि १९९५ मध्ये आंध्र प्रदेशात पूर्ण दारूबंदी आली. तेव्हा आपला आदिलाबाद जिल्हा त्याच राज्यात होता. १९९७ मध्ये ती बंदी उठली. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये दारूबंदी झाली, २०२१ मध्ये तीही उठली. ऑनलाइन जुगाराला तेलंगणाने २०१७ मध्येच मनाई केली आणि २०२५ मध्ये केंद्राचाही कायदा आला. तरी क्रिकेटचे सामने सुरू झाले की पोरे मोबाइलमध्ये काय बघतात ते आईबापांना ठाऊक आहे. कायदा नको असे माझे म्हणणे नाही. त्या बायांच्या लढ्याने किती घरांत पगार शाबूत राहिला असेल! पण कायदा दुकानाला कुलूप लावतो, मनातल्या ओढीला त्याचे कुलूप बसत नाही. याकोब आपल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात सांगतो की देव कोणाला मोहात पाडत नाही, माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो. म्हणजे खरे दुकान आत आहे.

आता दुसरे बोलणे, "देव बघून घेईल." ऐकायला हे फार भक्तीचे वाटते. पण मत्तयाच्या चौथ्या अध्यायात नेमका हाच मोह आहे. चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतान प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, उडी टाक, देवदूत तुला झेलतील. वचनही तोच दाखवतो! प्रभूने उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहू नये, हे शास्त्रातलेच उत्तर त्याने दिले. पगाराचा पैसा खिशात घेऊन, जुन्या सोबत्यांबरोबर, दारूच्या दुकानावरून जायचे आणि मनात म्हणायचे, "देव मला सांभाळील". ही सुद्धा शिखरावरची उडीच आहे, भाऊ. याला भरवसा म्हणत नाहीत.

मग भरवसा कसा असतो? योसेफाकडे बघा. धन्याची बायको त्याच्यामागे रोज लागली होती. त्याने तिथे वाद घातला नाही, आपली ताकद आजमावली नाही. अंगावरचे वस्त्र तिच्या हातात सोडून तो पळाला. पौल करिंथकरांना लिहितो की देव मोहाबरोबर सुटकेची वाटही करून ठेवतो. ती वाट योसेफाला दारातून मिळाली, आणि पळायचे पाय त्याचेच होते. पुढे काय झाले तेही विसरू नये. त्याला बक्षीस मिळाले नाही, तुरुंग मिळाला. मोह टाळला की लगेच भरभराट होते असे जे सांगतात, त्यांनी उत्पत्तीचा एकोणचाळिसावा अध्याय शेवटपर्यंत वाचावा. तिथे एवढेच आहे की तुरुंगातही परमेश्वर योसेफाबरोबर होता.

हे आमच्या कास्तकाराला फार लागू आहे. सीसीआयच्या खरेदीत आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव मिळतो, त्यापुढे कपात होते आणि बारा टक्क्यांवर कापूस घेतच नाहीत. तिथून परत आलेला माणूस खासगी व्यापाऱ्याकडे जातो. शेजाऱ्याने पाणी मारलेला कापूस तिथे खपतो आणि आपला वाळवलेला कापूस वजनाला कमी भरतो. अशा वेळी प्रामाणिक राहणाऱ्याचा तोटा खरा असतो. कर्जही खरे असते. त्याला नुसते "देव देईल" म्हणणे सोपे आहे. मंडळीने त्याच्या पाठीशी उभे राहावे, त्याची नड भागवावी, तेव्हाच देवाचा आधार त्याला हाताला लागेल.

आपल्या मराठी मुलखात याचा मोठा दाखला पंडिता रमाबाईंचा आहे. त्यांच्या शारदा सदनाला अमेरिकेतल्या मंडळाने दहा वर्षांच्या मदतीचे वचन दिले होते. ती मुदत १८९८ मध्ये संपली. दारात दुष्काळातून आलेल्या मुली होत्या आणि उद्याच्या धान्याची हमी नव्हती. अशा वेळी कोणालाही दार लावून घ्यावेसे वाटेल. बाईंनी दार लावले नाही. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आणल्या, केडगावच्या मुक्तीत दीड हजारांहून जास्त जीव झाले. त्या प्रार्थनेवर जगत होत्या, पण हात जोडून बसल्या नव्हत्या. मुक्तीत विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालवला.

दारू सोडू पाहणाऱ्यांची अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही संगत १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, तिची पहिली पायरीही हेच शिकवते : माझ्या एकट्याची ताकद पुरत नाही हे कबूल करणे. मग आपल्याहून मोठ्या शक्तीवर भार टाकणे, आणि सारखे एकमेकांना भेटत राहणे. "मी उद्यापासून सोडतो" ही शपथ एकट्याच्या जोरावर घेतलेली असते, म्हणून ती पहिल्याच पट्टीच्या दिवशी मोडते.

तेव्हा या हंगामात आपण काय करावे? माझ्या मते चार साध्या गोष्टी. कापसाचे पैसे आणायला एकट्याने जाऊ नये, घरधनीण किंवा मोठा मुलगा बरोबर असावा. ज्याला सट्ट्याची ओढ आहे त्याने मोबाइलमधले ते खाते आजच बंद करून घरच्यांना दाखवावे. ज्याचा पाय घसरतो त्याने मंडळीतला एक माणूस धरावा, ज्याला रात्री अकरालाही फोन करता येईल. आणि अशा माणसाची चर्चा चावडीवर करू नये. आपल्या थोड्याशा ख्रिस्ती घरांत बातमी लवकर फिरते, आणि लाजेने माणूस उपासनेला येणेच सोडतो. इब्री लोकांस पत्रात सांगितले आहे की आपला प्रमुख याजक सर्व प्रकारे पारखला गेला, पण पापावाचून राहिला. म्हणून त्याला आपली दुर्बलता कळते. त्याला कळते, तर आपल्यालाही थोडी कळायला काय हरकत आहे?

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत मोहापासून राखण्याची विनंती "मला" म्हणून नाही, "आम्हांला" म्हणून आहे. ती रोज म्हणताना शेजारच्या घराचेही नाव मनात घ्यावे, आणि आमेन झाल्यावर त्या घरी जाऊन यावे.

प्रभु आपणा सर्वांना स्थिर राखो.

— एक वाचक, तामसी, जि. आदिलाबाद