गुलाब बाटला की काय?

परसबागेच्या या पानाकडे येणाऱ्या पत्रांत गुलाबाची पत्रे हमखास असतात. मजकूर ठरलेला: सोबत फूल पाठवीत आहे, जात कळवावी. पाकीट उघडावे तो आत तपकिरी पाकळ्यांचा चुरा! त्यावरून जात कोणी सांगावी? पातूरच्या एका भगिनीचे पत्र मात्र निराळे होते. आईने लावून दिलेला गुलाब पिवळा, कडेला गुलाबी झाक असलेला. दोन वर्षांपासून त्याला नुसती गुलाबी फुले येतात. सासूबाई म्हणतात, झाड बाटले. उपटून टाकू का? आई आता नाही, हे शेवटी एका ओळीत लिहिले होते.

नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला पातूरला जाणे झाले, तेव्हा टेकडी उतरून मी त्यांच्या परसात गेले. न्हाणीच्या पाण्यावर पोसलेले पुरुषभर उंचीचे झाड, फुलांनी लगडलेले. "काहून असं झालं असन, ताई?" त्या म्हणाल्या.

झाड बाटत नाही. विकत आणलेला कलमी गुलाब म्हणजे एकावर एक बसविलेली दोन झाडे. खाली राकट मुळांचा खुंट, त्यावर डोळा भरून लावलेली फुलाची जात. पाणी तुटले, शेळीने शेंडा खाल्ला की वरची जात वाळते. खुंट चिवट, तो खालून फुटतो आणि घरची माणसे त्यालाच पाणी घालीत राहतात. या घरी बांधकाम निघाले होते आणि उन्हाळाभर विटांचा ढीग झाडाच्या अंगावर होता.

मग ही फुले कोणाची? गडद गुलाबी, भरगच्च पाकळ्यांची, गोड वासाची. माझ्या मते हा एडवर्ड. खुंटासाठी आपल्याकडे तो वापरतात. त्याचे कुळ हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचे. त्याला पूर्वी बूर्बाँ म्हणत. तिथे कुंपणाला लावलेल्या चिनी आणि दमास्क गुलाबांच्या संकरातून तो दोनशे वर्षांपूर्वी आपोआप निपजला. गुलकंदाला ही फुले चांगली. तेव्हा सासूबाईंना म्हटले, याला शिव्या देऊ नका. याच्या फांद्या कापून कुंपणाला लावा, सहज जगतील. खुंट मल्टिफ्लोराचा असता तर बारीक पांढऱ्या फुलांचे घोस आले असते आणि पानाच्या देठाच्या बुडाशी झालर दिसली असती.

सात पानांची फांदी दिसली की ती खुंटाची, कापून टाका, असे जो तो सांगतो. त्यावर फार विसंबू नये. चांगल्या जातीच्या जोमदार फुटीलाही कधी सात पाने येतात. फूट कुठून निघाली ते पाहणे हीच खरी परीक्षा. आम्ही बुंध्याची माती हाताने उकरली. चार बोटे खाली कलमाची गाठ लागली. गुलाबी फुलांच्या सगळ्या फांद्या गाठीखालच्या. वर वाळका खोडवा, आणि त्याच्या बगलेला बोटभर लांबीची, तांबूस पानांची एक कोवळी फूट!

बाई काही बोलल्या नाहीत. खाली बसून राहिल्या.

खालच्या फांद्या वरवर न छाटता बुडापासून काढल्या, नाहीतर एकीच्या जागी चार येतात. गाठ उघडी ठेवली. काळ्या जमिनीत पाणी साचते, म्हणून आळ्याला उतार दिला.

आता त्या पिवळ्या गुलाबाचे नाव. वर्णन ऐकून कोणीही 'पीस' म्हणेल. फ्रान्सच्या फ्रान्सिस मेयाँ यांनी काढलेल्या या गुलाबाला १९४५ साली, महायुद्ध संपत असताना, अमेरिकेत हे नाव मिळाले. फ्रान्समध्ये तो मादाम मेयाँ, जर्मनीत ग्लोरिया देई, इटलीत जोया. एका झाडाची चार नावे! आपल्या बाजारात उलटे. दहा जातींना मिळून 'पिवळा' हे एकच नाव. पण गुलाबी कडेचे पिवळे गुलाब आणखीही आहेत, म्हणून फूल पाहिल्यावाचून मी नाव देणार नाही. पीसची पाने गडद आणि तकतकीत, फूल थोराड, चाळीसच्या वर पाकळ्यांचे, वास मंद. मे महिन्याच्या फुलावरून तर काही ठरवूच नये. वऱ्हाडच्या उन्हात फूल लहान राहते आणि रंग उडतो. थंडीतले फूल पाहावे. कोणाला दाखवायचे असेल तर कळी, उमललेले फूल, पाने आणि काटे असलेली पुरी फांदी सकाळी कापून ओल्या फडक्यात न्यावी. पातूरकरांना अकोल्याचे कृषी विद्यापीठ जवळच आहे.

मार्गशीर्षात बाईंचे पत्र आले. फुटीने कळी धरली आहे, पण अजून हिरव्या दलांतच आहे. फूल पाकिटात घालू नका, ते झाडावरच राहू द्या आणि रोज सकाळी रंग पाहून लिहून ठेवा, असे उलट टपाली कळविले आहे.