पाळी सुटल्यावरचा आवाज

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत पहिली पाळी सुटली की तासा-दोन तासांत सिडको, पवननगर, त्रिमूर्ती चौक भागातल्या जिम भरू लागतात. प्रेस शॉपमधून थेट आलेल्या एखाद्या पोराच्या खिशातून दोरीवाले इअरप्लग अजून लोंबत असतात. ते बॅगेत जातात आणि कानात बड्स जातात. बड्स नसले तरी अडत नाही, वरचा स्पीकर सगळ्यांसाठी दणाणत असतोच. तेवढ्यात ट्रेडमिलवरून कोणीतरी ओरडतं, "दादा, आवाज वाढव ना!" दादा वाढवतो.

गाण्याची बाजू लंगडी नाही, हे आधी मान्य करायला हवं. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कॉस्टास कारागिऑर्गिस यांनी या विषयात हयात घालवली. 2020 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 139 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा संगीतासोबत व्यायाम करणाऱ्यांना श्रम कमी जाणवतात, बरं वाटतं, कामगिरी थोडी सुधारते आणि प्राणवायूही किंचित काटकसरीने वापरला जातो, असं दिसलं. फायदा मोठा नाही, पण आहे. इथिओपियाचा हायले गेब्रसेलासी 1998 मध्ये बर्मिंगहॅमला 2000 मीटरचा इनडोअर विश्वविक्रम करत होता, तेव्हा मैदानात 'स्कॅटमन' हे गाणं वाजत होतं. त्याची पावलं त्या ठेक्यावर पडत होती.

आठ तास मशीनपुढे उभं राहिलेल्या माणसाला तर याचं मोल जास्तच. त्याच्याकडे घरी जाऊन आडवं पडण्याचं सबळ कारण असतं. एखाद्या गाण्यामुळे तो अर्धा तास जास्त थांबत असेल, तर 'खरा व्यायाम शांततेत होतो' असले उपदेश त्याला करू नयेत. शिवाय ते आपल्या परंपरेलाही धरून नाही. लेझीम म्हणजे ठेक्यावरचा व्यायामच, आणि कुस्तीच्या मैदानात हलगी कडाडली की पैलवानाच्याच काय, बघ्यांच्याही अंगात येतं. मात्र तीच कुस्ती रोज तालमीत घटवली जाते तिथे हलगी नसते. तिथे जोर-बैठकांची मोजणी चालते आणि वस्तादाचा शब्द कानावर पडावा लागतो.

जिममध्ये नेमका तोच शब्द हरवतो. बेंच प्रेसवर कोपरं बाहेर फाकलेल्या मुलाला ट्रेनर दोनदा सांगतो, मुलगा मान डोलावतो, पण ती गाण्याला. डेडलिफ्टला पाठ वाकत असताना कानात बड्स असणं ही हौस महागात पडू शकते. आणखी एक गोष्ट अभ्यासांतूनच पुढे आली आहे. हलक्या-मध्यम व्यायामात गाणं थकव्यावरून लक्ष हटवतं. जोर पुरता लागून धाप लागली की शरीराचीच हाक मोठी होते. मग गाण्याने बरं वाटलं तरी श्रम कमी भासत नाहीत. म्हणजे शेवटच्या सेटला आवाज वाढवून हाती फारसं काही लागत नाही.

पण माझा खरा आक्षेप कानांचा आहे, आणि तो अंबडमध्ये इतर ठिकाणांपेक्षा जास्त लागू होतो. कामाच्या जागी 85 डेसिबलचा आवाज जास्तीत जास्त आठ तास, हा हिशेब अमेरिकेतली 'नायॉश' ही संस्था धरते. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. 94 ला एक तास, 100 ला पंधरा मिनिटं. आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांना 90 डेसिबल ही मर्यादा, म्हणजे आणखी सैल. प्रेस शॉपमधल्या माणसाचा दिवसाचा कोटा दुपारीच संपत आलेला असतो. संध्याकाळी कानांना विसावा मिळायचा, तर वर हा दणका. अंतर्कर्णातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. सुरुवातीला वरच्या पट्टीतला आवाज जातो. माणसाला गोंगाटात 'स' आणि 'श' कळेनासे होतात, आणि तो घरच्यांवर "नीट बोला" म्हणून खेकसतो.

कामगारांसाठीच्या कायद्यात आवाजामुळे येणारं बहिरेपण रोग म्हणून नोंदवलेलं आहे. ध्वनिप्रदूषणाचे 2000 चे नियम मुख्यतः परिसराची शांतता पाहतात. जिमच्या चार भिंतींत जे चालतं, ते मालकाच्या आणि गिऱ्हाइकांच्या मर्जीवर. मालकांचंही म्हणणं ऐकावं: हॉल शांत असला की जिम ओस वाटते, नवा माणूस फी न भरता परत फिरतो. धंद्याच्या दृष्टीने हे खरं आहे.

तरीही तोल कुठे आहे ते दिसतं. काम मुख्यतः ठेका करतो, आणि आवडीचं गाणं. ठेका तोच ठेवून आवाज उतरवला तर गमावण्यासारखं थोडंच आहे. स्पीकर एवढाच असावा की हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागू नये. कार्डिओला गाणी खुशाल, वजनाच्या रॅकपाशी बड्स खिशात. आणि मालकांनी संध्याकाळच्या गर्दीत मोबाइलवर फुकट मिळणारं डेसिबल मोजायचं ॲप स्पीकरखाली एकदा उघडून पाहावं. आकडा अगदी अचूक येणार नाही, पण 80 आहे की 100, एवढं कळेल.