घरी पाठवलेल्या मुलाची नोंद

प्रति,
शालेय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन



स्वमग्नता किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असलेले मूल वर्गात किंचाळू लागले, वस्तू भिरकावू लागले किंवा स्वतःच्याच हाताला चावू लागले, की पालकांना फोन करून त्याला घरी न्यायला सांगण्याची रीत अनेक शाळांत आहे. आणि त्यात कोणी हात उगारत नसल्यामुळे तिला शिक्षा म्हणत नाहीत. प्रस्तुत पत्राचा आक्षेप या रीतीवर आहे.

अशा वागण्याला विशेष शिक्षणात 'वर्तन समस्या' म्हटले जाते. 'आव्हानात्मक वर्तन' ही संज्ञा अधिक योग्य, कारण तीत दोष मुलाच्या माथी न मारता ते वागणे समजून घेण्याचे काम मोठ्यांवर सोपवले आहे. वागण्याला प्रयोजन असते, म्हणजे त्यातून मुलाला काही मिळते किंवा त्याचे काही टळते: कोणाचे तरी लक्ष, हवी असलेली वस्तू, नकोशा कामातून सुटका, किंवा त्या हालचालीतूनच होणारे इंद्रियांचे समाधान. ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये स्वतःला इजा करणाऱ्या 9 जणांचे वेगवेगळ्या परिस्थितींत निरीक्षण केले, तेव्हा वरून सारख्या दिसणाऱ्या इजेमागची कारणे व्यक्तीगणिक निराळी असल्याचे आढळले. पुढे 1985 मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी 4 मुलांना मदत किंवा शाबासकी शब्दांत मागायला शिकवले. मुलाच्या खऱ्या गरजेशी जुळणारे वाक्य शिकवले तेव्हाच त्रासदायक वागणे घटले, न जुळणाऱ्या वाक्याचा उपयोग झाला नाही.

या कसोटीवर घरी पाठवण्याचा उपाय उलटतो. गणिताचा तास असह्य होऊन जे मूल किंचाळते, त्याला तो फोन म्हणजे हवी असलेली सुटकाच होय, आणि किंचाळल्यावर सुटका मिळते हा धडा ते पाढ्यांपेक्षा लवकर पाठ करते. 'दुर्लक्ष करा' हा सल्लाही अशा मुलाच्या बाबतीत फसतो, कारण दुर्लक्षातही काम टळतेच. आणि जिथे लक्ष वेधणे हेच प्रयोजन असते, तिथेही दुर्लक्ष सुरू केल्यावर ते वागणे आधी काही काळ वाढू शकते, नेमक्या त्या वाढीच्या क्षणी शिक्षकांचा धीर सुटतो आणि आवाज आणखी चढवावा, एवढेच मूल शिकते. त्याऐवजी कामातून सुटका हवी असलेल्या मुलाच्या हाती 'थोडे थांबूया' असे सांगणारे चित्र असलेले कार्ड द्यावे आणि ते दाखवताच खरोखर थांबावे. मात्र बोलू न शकणारे मूल अचानक कानावर मारून घेऊ लागले, तर कार्डाआधी डॉक्टर गाठावा. कानदुखी, दाढदुखी, बद्धकोष्ठता यांना त्याच्यापाशी दुसरी भाषा नसते.

शिक्षण हक्क अधिनियम, 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला मनाई केली आहे, कलम 16 नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने भेदभावाविना प्रवेश व गरजेनुरूप सोयी देण्याचे बंधन शाळांवर घातले आहे. तरीही 'दाखला काढून न्या' हे तोंडी सांगितले जाते, आणि तोंडी सांगितलेल्याचा कागद उरत नाही.

म्हणून विभागाने प्रत्येक शाळेला एक नोंदवही सक्तीची करावी, जीत वागण्याआधी काय घडले, मुलाने काय केले आणि त्यानंतर मोठ्यांनी काय केले, हे तीन रकाने असतील; चौथा रकाना मुलाला घरी पाठवल्याच्या वेळेचा असावा, आणि तिथे मुख्याध्यापकांची सही असावी.