पाचवा फाऊल

परवा शाळेच्या मुलींच्या मॅचला रेफरी म्हणून उभा राहिलो, आयुष्यात दुसऱ्यांदाच. नियम पाठ होते. फिबाने २०१७ मध्ये बदललेला ट्रॅव्हलिंगचा नियमसुद्धा: पळता पळता बॉल हातात आला, तर तेव्हा जमिनीवर असलेलं पाऊल धरायचं नाही, पुढची दोन मोजायची. त्यामुळे पालक "ट्रॅव्हल, ट्रॅव्हल" ओरडले तरी डगमगलो नाही.

घोळ झाला चौथ्या क्वार्टरमध्ये. बास्केटकडे निघालेली मुलगी धाडकन पडली आणि मी शिट्टी वाजवली. खरं तर धक्का मी पाहिलाच नव्हता, फक्त पडणं पाहिलं होतं! समोरच्या मुलीचा तो पाचवा फाऊल, म्हणजे मॅचमधून बाहेर. ती काही न बोलता बाकावर जाऊन बसली. मग पुढच्याच मिनिटाला तिच्या टीमचा उघड फाऊल मी 'भरपाई' म्हणून सोडून दिला. झाल्या, एकाच्या दोन चुका.

सगळे म्हणाले, नवीन आहेस, चालायचंच. मला नाही पटत. शिकत मी होतो, मॅच तिची होती. ऑफिसात चुकलेला कोड मागे घेता येतो, तिला बाकावरून परत कसं बोलावणार? तेव्हा नवशिक्याने एवढं तरी पाळावं: जे दिसलं तेच वाजवायचं. अंदाजाने नाही, आणि भरपाई म्हणून तर नाहीच नाही.